एम.ए.च्या ‘माध्यम सिद्धांत’ या विषयासाठी कोणते पाठ्यपुस्तक निवडावे?

नवअध्यापिका

सर्व अध्यापक मंडळींना नमस्कार.

येत्या सत्रापासून जनसंज्ञापनाच्या एम.ए. भाग एकला ‘माध्यम सिद्धांत’ हा चार श्रेयांकांचा विषय माझ्याकडे आला आहे. आजवर मी वृत्तलेखन आणि संपादन शिकवत आले. सिद्धांताचा विषय प्रथमच शिकवणार असल्यामुळे पुस्तकाच्या निवडीबद्दल येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. वर्गात साधारण चाळीस विद्यार्थी असतील. त्यांतले निम्म्याहून अधिक मराठी माध्यमातून पदवी घेऊन आलेले असतात, काही वाणिज्य शाखेचे असतात, दोघे-तिघे कृषी पदवीधरही असतात. इंग्रजी वृत्तपत्र ते वाचू शकतात, पण सैद्धांतिक इंग्रजी सलग वाचण्याचा सराव बहुतेकांना नसतो.

अभ्यासमंडळाने घटक ठरवून दिले आहेत, परंतु संदर्भयादीत पंधरा पुस्तके आहेत आणि त्यांतले मुख्य कोणते, हे कोठेही म्हटलेले नाही. ग्रंथालयाच्या तरतुदीत एकाच पुस्तकाच्या दहा-बारा प्रती घेता येतील, त्यामुळे एकाची निवड करणे मला भाग आहे. डेनिस मॅक्वेल यांचे ‘मास कम्युनिकेशन थिअरी’ सर्वांत व्यापक आहे, पण ते सहाशेहून अधिक पानांचे असून त्यातील एकेक परिच्छेद म्हणजे दहा संशोधनांचा सारांश आहे. स्टॅन्ले बॅरन आणि डेनिस डेव्हिस यांचे पुस्तक वाचायला सोपे आहे, परंतु त्यातली जवळजवळ सगळी उदाहरणे अमेरिकेतली आहेत. डरहॅम आणि केल्नर यांनी संपादित केलेल्या ‘मीडिया अँड कल्चरल स्टडीज : कीवर्क्स’मध्ये मूळ लेख आहेत, ते मला स्वतःला अतिशय आवडले, पण पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे की नाही, याची खात्री वाटत नाही. केवल कुमार यांचे ‘मास कम्युनिकेशन इन इंडिया’ सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र त्याचा मुख्य भर भारतातील माध्यमांवर आहे आणि सिद्धांतांचा परिचय त्या मानाने थोडक्यात येतो.

विभागात वर्षानुवर्षे फिरणारी छायाप्रतींची टिपणे आहेत आणि विद्यार्थी तीच पाठ करून उत्तीर्ण होतात. ती परंपरा मला थांबवायची आहे. आपण कोणते पुस्तक वापरता आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.

वाचनकट्टा

नमस्कार मॅडम. हा विषय मी सतरा वर्षे शिकवत आहे आणि या काळात मुख्य पुस्तक तीन वेळा बदलले आहे.

मॅक्वेल यांचे पुस्तक आपण स्वतःजवळ अवश्य ठेवावे. ते १९८३ साली प्रथम प्रसिद्ध झाले, लेखकाने पुढची जवळजवळ तीन दशके ते स्वतः सुधारत नेले, आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर मार्क ड्यूझ यांनी सिद्ध केलेली सातवी आवृत्ती २०२० साली आली. एखाद्या संकल्पनेचा उगम कोठे आहे आणि तिच्यावर कोणते आक्षेप आले, हे तासाआधी पाहून घेण्यासाठी याहून भरवशाचे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या हाती ते पहिले पुस्तक म्हणून दिले, तर तो त्यातून व्याख्या उतरवून काढतो. आपण ज्या टिपणांचा उल्लेख केला आहे, ती बहुधा अशाच उताऱ्यांपासून तयार झालेली असतात.

त्या टिपणांत ‘वृत्तपत्रांचे सहा सिद्धांत’ असतीलच. त्यांचा इतिहास विद्यार्थ्यांना सांगितला, तर पाठांतराची सवय तेथेच सैल होऊ लागते, असा माझा अनुभव आहे. १९५६ साली सीबर्ट, पीटरसन आणि श्राम या तीन अमेरिकन अभ्यासकांनी अधिकारवादी, उदारमतवादी, सामाजिक उत्तरदायित्वाचा आणि सोव्हिएत साम्यवादी असे चार सिद्धांत मांडले. ते शीतयुद्धाचे दिवस होते आणि त्या विभागणीवर त्या दिवसांचा ठसा स्पष्ट आहे. मॅक्वेल यांनी १९८३ मध्ये विकासाभिमुख माध्यमांचा आणि लोकशाही सहभागाचा असे आणखी दोन जोडले, म्हणून ते सहा झाले. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी स्वतःच ही चौकट मागे सोडली. इलिनॉय विद्यापीठाच्या ज्या प्रकाशनसंस्थेने मूळ पुस्तक काढले होते, तिनेच १९९५ साली त्याची सविस्तर चिकित्सा करणारे पुस्तकही प्रसिद्ध केले. आपल्याकडे मात्र ते सहा सिद्धांत गतीच्या नियमांसारखे शिकवले जातात. माध्यमे कशी असावीत, हे सांगणारे विचार आणि माध्यमे प्रत्यक्षात कशी चालतात, हे सांगणारे विचार यांतला भेदही त्या पाठांतरात हरवतो.

पाठ्यपुस्तकाचा क्रम हाच मुळात एका देशाच्या संशोधनाचा इतिहास असतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. द्विस्तरीय प्रवाहाचे उदाहरण घेऊ. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या आणि रेडिओ व वृत्तपत्रे यांचा प्रभाव बऱ्याच अंशी जाणत्या, बोलक्या लोकांमार्फत इतरांपर्यंत पोहोचतो, असा निष्कर्ष १९४४ मध्ये मांडला. कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचा त्यापुढचा ग्रंथ १९५५ साली आला. इतके सगळ्या पुस्तकांत असते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली, हे मात्र बहुतेक पुस्तकांत आढळत नाही किंवा एखाद्या ओळीत उरकलेले असते. गावातली माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओसंचाभोवती जमत, अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढच्या प्रक्षेपणात त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्याची धुरा पॉल न्यूरथ यांच्याकडे होती. व्हिएन्नात जन्मलेले हे समाजशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेत, घडलेले होते. श्रोतामंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि दोन्ही नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत नव्या माहितीची भर मोठी पडली. नुसत्या रेडिओच्या गावांत ती अल्प होती. न्यूरथ आणि आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला असून तो युनेस्कोच्या डिजिटल ग्रंथालयात वाचायला मिळतो.

आपल्या वर्गातील कृषी पदवीधरांना हा अहवाल द्यावा. माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते की, मंडळात कोण बसत होते, स्त्रिया होत्या का, आणि भूमिहीन मजुराचा प्रश्न पुण्याला कोण लिहून पाठवत होते. एवढ्या एका प्रश्नातून ‘जाणत्या माणसा’च्या संकल्पनेची चिकित्सा सुरू झाली. ते कोणत्याही प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या सरावप्रश्नांनी झाले नसते.

तेव्हा माझे मत असे आहे की, ‘कीवर्क्स’च्या प्रती घ्याव्यात. त्यात अडोर्नो-हॉर्कहायमर, हाबरमास, मॅक्लुहान, स्टुअर्ट हॉल, हर्मन-चॉम्स्की आणि आपले अर्जुन अप्पादुराई हे सगळे एकत्र मिळतात. त्यातले पाचच लेख सत्रभर सावकाश वाचावेत. माध्यमे संदेशात अर्थ कसा भरतात आणि प्रेक्षक तो आपापल्या परीने कसा लावतात, हे सांगणाऱ्या हॉल यांच्या संकेतन-विसंकेतनाच्या लेखाला मी चार तासिका देतो. पहिल्या दोन तासिकांत फक्त लेख वाचतो आणि पुढच्या दोन तासिकांत दूरदर्शनवरील १९८७-८८ च्या ‘रामायण’ मालिकेचे प्रेक्षक समोर ठेवतो, कारण त्या काळाबद्दल अरविंद राजगोपाल आणि पूर्णिमा मंकेकर यांनी केलेला अभ्यास उपलब्ध आहे. मंकेकर दिल्लीतील घरांत जाऊन स्त्रियांबरोबर दूरदर्शन पाहत होत्या. एकाच दृश्याचा अर्थ घराघरांत कसा बदलतो, हे त्यातून विद्यार्थ्यांना दिसते.

क्षितिज_अभ्यासक

वाचनकट्टा सरांबद्दल आदर राखून मला असहमती नोंदवायची आहे. पुण्याच्या प्रयोगाबद्दल त्यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे आणि तो अहवाल मीही शिकवतो. पण मूळ लेखांचे संकलन हे पहिल्या सत्राचे मुख्य पुस्तक असू नये, असे मी स्वतः तसे करून पाहिल्यानंतर म्हणतो.

एका वर्षी मी हा विषय केवळ मूळ लेखांवर शिकवला. सत्राच्या अखेरीस उत्तरपत्रिका तपासताना माझ्या लक्षात आले की, अडोर्नो-हॉर्कहायमर यांचा ‘संस्कृती उद्योग’, म्हणजे संस्कृतीचे कारखान्यातील मालासारखे उत्पादन करणारी सगळी व्यवस्था, ही नुसती चित्रपटसृष्टी आहे, असा अनेकांचा समज झाला होता. अडोर्नो कोणाशी वाद घालत होते, हे विद्यार्थ्यांना सांगता येत नव्हते, कारण त्यांना तो दुसरा पक्ष भेटलाच नव्हता. वास्तविक अडोर्नो १९३८ साली अमेरिकेत आले ते लाझार्सफेल्ड यांच्या संचालकत्वाखालील प्रिन्स्टन रेडिओ संशोधन प्रकल्पात काम करण्यासाठी. श्रोत्यांची आवड मोजावी की ती आवड घडवणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा करावी, यावरून दोघांचे जमले नाही. लाझार्सफेल्ड यांनी १९४१ मध्ये प्रशासकीय संशोधन आणि चिकित्सक संशोधन असा जो भेद मांडला, त्यामागे हा अनुभव आहे. हा सांगाडा ज्या विद्यार्थ्याच्या मनात आहे, त्याला मूळ लेख वाचताना आनंद होतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्यासाठी पाच लेख म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली पाच अवघड भाषणे होतात.

बॅरन आणि डेव्हिस यांचे पुस्तक हा सांगाडा देते. प्रत्येक सिद्धांत कोणत्या काळात, कोणत्या भीतीतून किंवा आशेतून जन्मला, हे ते इतिहासाच्या क्रमाने सांगते. पहिल्या महायुद्धातील प्रचारामुळे माध्यमे सर्वशक्तिमान वाटू लागली, पुढे क्षेत्रीय अभ्यासांनी तो समज खाली आणला आणि दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर प्रभावाचा प्रश्न वेगळ्या रूपात परत आला, ही हकिकत विद्यार्थी गोष्टीसारखी वाचतात. उदाहरणे अमेरिकन आहेत, ही नवअध्यापिका मॅडम यांची तक्रार रास्त आहे. पण परके उदाहरण काढून त्या जागी आपले ठेवणे, हेच तर अध्यापकाचे काम आहे आणि विद्यार्थ्यालाही ते करायला लावता येते. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीत चॅपेल हिल या गावी मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि माध्यमांनी महत्त्व दिलेले प्रश्न ताडून पाहिले. माझे विद्यार्थी दरवर्षी दोन मराठी दैनिकांची चौदा दिवसांची पहिली पाने घेतात, बातम्यांचे विषय मोजतात आणि आपल्या गल्लीतल्या वीस जणांना विचारतात. नमुना लहान असतो, त्यातून काही सिद्ध होत नाही, हेही त्यांना सांगावे लागते. पण अजेंडा सेटिंग, म्हणजे लोकांनी कोणत्या प्रश्नांना महत्त्व द्यावे हे माध्यमांनी ठरवणे, म्हणजे काय आणि कार्यकारणाचा दावा किती जपून करावा लागतो, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी समजतात.

यांतले अनेक विद्यार्थी पुढे नेट परीक्षेला बसतात आणि तेथे सगळ्या परंपरांची क्रमवार ओळख अपेक्षित असते. परीक्षेसाठी शिकवू नये, हे खरे. तरीही ज्याच्या घरी दुसरे पुस्तक येणार नाही, अशा विद्यार्थ्याला आपण जे एक पुस्तक देतो, त्याने त्याची ही गरजही भागवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मराठीमाध्यम

मी अध्यापक नाही. आठ वर्षांपूर्वी मी हाच विषय विद्यार्थी म्हणून शिकलो आणि आता एका दैनिकात उपसंपादक आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले, म्हणून बाकाच्या या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

आम्हाला अडचण इंग्रजीपेक्षा पारिभाषिक शब्दांची होती. हाबरमास यांची मुख्य संकल्पना आम्हाला ‘सार्वजनिक क्षेत्र’ अशी सांगितली गेली आणि आमच्यातील वाणिज्य शाखेच्या मुलांनी ती राष्ट्रीयीकृत बँका आणि सरकारी कारखाने अशी समजून घेतली, कारण मराठीत त्या शब्दाचा तोच रूढ अर्थ आहे. पुढे कोणीतरी ‘सार्वजनिक चर्चाविश्व’, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन समाजाच्या प्रश्नांवर चर्चा करण्याची खुली जागा, असे म्हटले आणि एका क्षणात सगळे स्पष्ट झाले. ‘ऑडियन्स’साठी तर मराठीत एक शब्दच नाही. वाचक, श्रोता, प्रेक्षक हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांना एकत्र करायला जावे तर ‘ग्राहक’ हा शब्द पुढे येतो आणि तो आला की माणूस खरेदीदार होतो. वर्गात यावर चर्चा झाली असती, तर ती स्वतःच सिद्धांताची चर्चा ठरली असती. याउलट इटालियन विचारवंत ग्राम्शी यांच्या ‘हेजिमनी’ या संकल्पनेसाठी, म्हणजे लोकांच्या संमतीवर टिकणाऱ्या वर्चस्वासाठी, मराठीत रूढ झालेला ‘धुरीणत्व’ हा शब्द इतका नेमका आहे की, इंग्रजी माध्यमातून आलेले माझे मित्रही तो वापरू लागले. समाजाची धुरा वाहणारे आणि त्यामुळे आपोआप मान मिळवणारे लोक, हा संमतीचा पैलू त्या शब्दातच आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, पुस्तक कोणतेही निवडावे, पण त्याच्याबरोबर चाळीस-पन्नास संज्ञांची मराठी सूची द्यावी आणि प्रत्येक संज्ञेपुढे एक वाक्यभर तरी लिहावे. शक्य असल्यास ती सूची विद्यार्थ्यांकडूनच वाढवून घ्यावी.

दुसरी गोष्ट मला शिकत असताना मिळाली नाही, ती नंतर मिळाली. ‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अग्रलेख हा माध्यम सिद्धांताचा मजकूर आहे. बहिष्कृतांवरील अन्यायाची चर्चा करण्यासाठी वृत्तपत्रासारखी दुसरी भूमी नाही, परंतु मुंबई इलाख्यातील बरीचशी वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात, असा त्याचा युक्तिवाद आहे. हाबरमास यांचा ग्रंथ जर्मनमध्ये १९६२ साली आला, त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये झाले, आणि सर्वांसाठी खुले म्हटलेले हे चर्चाविश्व प्रत्यक्षात अनेकांना बाहेर ठेवते, म्हणून वगळलेले लोक आपले स्वतंत्र चर्चाविश्व उभारतात, असे नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये लिहिले. मुद्दा मराठीत सत्तर वर्षे आधी, आणि तोही स्वतः असे पत्र चालवणाऱ्या माणसाने मांडलेला होता. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तो अग्रलेख वाचताना शब्दकोश लागत नाही. सिद्धांत वाचण्याची त्याची भीती तेथेच कमी होईल.

ग्रंथदालन

ग्रंथपाल म्हणून व्यवहाराच्या दोन बाबी सांगते.

दोन पुस्तकांच्या वादात आपल्याला कदाचित एकाची निवड करावी लागणार नाही. प्रती एका पुस्तकाच्या घ्याव्यात आणि दुसऱ्यातील मोजके लेख वाचनसंच म्हणून द्यावेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ (१) (आय) नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादन हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या एका दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने मजकुराची आवश्यकता अध्यापनाच्या हेतूवरून ठरेल, असे म्हणून काही वस्तुस्थितीच्या मुद्द्यांवर प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणून संच करताना अभ्यासक्रमाचा घटक आणि लेख यांची सांगड लेखी नोंदवून ठेवावी आणि लागेल तेवढाच भाग घ्यावा.

आवृत्तीचाही विचार करावा. ‘कीवर्क्स’ची २००६ ची सुधारित आवृत्ती अनेक ग्रंथालयांत आहे आणि आपण वर उल्लेखिलेल्या लेखांसाठी ती पुरेशी आहे, नव्या आवृत्तीवर खर्च करण्यापूर्वी आपल्या कपाटात पाहावे. महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केलेले ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंकही महाविद्यालयीन ग्रंथालयांत बऱ्याचदा असतात, पण ते समाजशास्त्र किंवा इतिहासाच्या कपाटात लावलेले असल्यामुळे माध्यमांच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडत नाहीत.

नवअध्यापिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. कालच आमच्या ग्रंथालयात जाऊन पाहिले. ‘मूकनायक’चा खंड खरोखरच इतिहासाच्या कपाटात होता आणि ‘कीवर्क्स’ची एक जुनी प्रतही सापडली.

दोन दिवस विचार करून मी बॅरन आणि डेव्हिस यांच्या दहा प्रती मागवायचे ठरवले आहे. क्षितिज सरांचा सांगाड्याचा मुद्दा मला पटला, विशेषतः अडोर्नो आणि लाझार्सफेल्ड यांचा प्रसंग वाचून. त्याच्या जोडीला चार मजकुरांचा वाचनसंच असेल : न्यूरथ-माथुर अहवालातील निष्कर्षांचे प्रकरण, हॉल यांचा लेख, हाबरमास यांचा ‘कीवर्क्स’मधील उतारा आणि ‘मूकनायक’चा अग्रलेख. मॅक्वेल माझ्या टेबलावर राहतील. संज्ञासूची मी पहिल्या आठवड्यात वीस शब्दांनी सुरू करणार आहे आणि ‘ऑडियन्स’ची जागा मुद्दाम रिकामी ठेवणार आहे, म्हणजे विद्यार्थ्यांना ती भरावी लागेल. वीणा नरेगल यांचे पश्चिम भारतातील भाषा, अभिजनवर्ग आणि चर्चाविश्वावरील पुस्तकही मी स्वतःसाठी मागवले आहे, कारण ‘दर्पण’च्या १८३२ पासूनचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास माहीत असूनही तो या अंगाने मी कधी शिकवलेला नाही.

एक शंका उरली आहे. अग्रलेख हाबरमासनंतर, त्यांना दिलेले उत्तर म्हणून शिकवावा, की त्यांच्याआधी?

वाचनकट्टा

आधी शिकवावा, मॅडम. नंतर घेतला तर तो एका युरोपीय सिद्धांतावरची भारतीय तळटीप होऊन बसतो. मी काही वर्षे ती चूक केली आहे. आधी घेतला तर लोक जेथे जमून सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करत, त्या युरोपातील जुन्या कॉफीगृहांचे हाबरमास यांचे वर्णन येताच एखादा विद्यार्थी स्वतःहून विचारतो की, तेथे आत कोणाला येऊ देत होते. क्षितिज सरांच्या आग्रहाप्रमाणे तोपर्यंत सांगाडाही तयार झालेला असावा, म्हणून हे दोन्ही मजकूर सहाव्या-सातव्या आठवड्यात ठेवावेत. पुणे केंद्राच्या अहवालासाठी मी तयार केलेले प्रश्न आपणास हवे असल्यास पाठवतो.

नवअध्यापिका

जरूर पाठवावेत, सर. सत्र सुरू व्हायला अजून पाच आठवडे आहेत. तोपर्यंत अहवाल वाचून माझेही प्रश्न काढून ठेवते.